सहगुणकातला ‘सह’

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर सुकतीची वेळ साधावी लागते. त्यासाठी कोकणपट्टीत एक जुना हिशेब आहे. चालू तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, वेळ दिवसाची असो की रात्रीची, हिशेब तोच. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंचांग आणि पाऊणकीचा पाढा एवढ्या सामग्रीवर होड्या लोटल्या गेल्या, जाळी लागली, माणसं किल्ल्यातल्या गणपतीला जाऊन कोरड्या पायांनी परत आली.

या हिशेबातला ‘पाऊण’ म्हणजे सहगुणक. शाळेच्या भाषेत मांडायचं तर भरतीची वेळ बरोबर तीन चतुर्थांश गुणिले तिथी. शाळा सहगुणकाची ओळख करून देते ती अशी: चलाच्या आधी लिहिलेली संख्या म्हणजे त्याचा सहगुणक. ५क्ष मध्ये ५. व्याख्या बरोबर आहे, पण ती फक्त जागा सांगते. घरातला माणूस कोण, असं विचारल्यावर ‘डावीकडच्या खोलीत राहतो तो’ असं उत्तर मिळावं, तसं हे आहे. मुलं पुढे भौतिकशास्त्रात घर्षण गुणांक शिकतात, प्रसरणांक शिकतात, संख्याशास्त्रात सहसंबंध गुणांक शिकतात, आणि हे सगळे त्याच ५ चे भाऊबंद आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. हे मला मोठं नुकसान वाटतं. म्हणून हा आढावा.

आधी पाऊणच नीट पाहू. तो नुसता पाऊण नाही, ‘तिथीमागे पाऊण तास’ आहे. डाव्या बाजूला तास आहेत, उजवीकडे तिथ्या, आणि दोहोंना जोडणारा पूल म्हणजे हा आकडा. तो आला कुठून? एका पक्षात पंधरा तिथ्या. तेवढ्यात भरतीची वेळ पुढे सरकत सरकत बारा तासांचा फेरा पूर्ण करते. बाराला पंधरांनी भागलं की चार पंचमांश तास, म्हणजे ४८ मिनिटं. खरा सहगुणक हा. लोकांनी ४५ मिनिटं धरली, कारण पाऊणकी प्रत्येकाला तोंडपाठ होती आणि चार पंचमांशाचा पाढा कुणी शिकवत नव्हतं. पक्षाच्या शेवटी यात पाऊण तासाची चूक साठते: पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो, ४८ मिनिटांचा हिशेब बारा सांगतो. होडी लोटायला तेवढी चूक चालते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्यात अधिक-उणे काही करावं लागत नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला इथे बाराच्या आसपास भरती असते, म्हणून सुरुवात शून्यापासून होते. हे या किनाऱ्याचं भाग्य. दुसऱ्या एखाद्या बंदरात तिथीमागची ४८ मिनिटं तीच राहतील, पण आधी काही तास मिळवावे लागतील. म्हणजे गुणणारा आकडा चंद्राचा आणि मिळवायचा आकडा बंदराचा. एका ओळीच्या सूत्रात आकाश आणि किनारा वेगवेगळ्या जागी बसलेले आहेत.

आणि हिशेबाची मर्यादाही इथेच कळते. अष्टमीला पूर्ण ओहोटी बाराच्या सुमाराला येते हे तो बरोबर सांगतो. पण अष्टमी भांगाची. त्या दिवशी पाणी पौर्णिमेसारखं दूर हटत नाही. वेळ कळली तरी वाट उघडी पडेल की नाही ते पाऊणपटीतून कळत नाही. त्यासाठी वेगळे सहगुणक लागतात. त्यांच्याकडे परत येऊच.

आपल्या जुन्या बीजगणितात सहगुणकासाठी एक ठरलेला शब्द नव्हता, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. ब्रह्मगुप्त कधी ‘संख्या’ म्हणतो, कधी ‘गुणक’ किंवा ‘गुणकार’. नवव्या शतकातला त्याचा भाष्यकार पृथूदकस्वामी ‘अंक’ किंवा ‘प्रकृति’ म्हणतो. भास्कराचार्यांच्या लेखनात हेच शब्द पुन्हा येतात. शब्द डळमळीत होता, मांडणी मात्र पक्की. अव्यक्त राशीला ‘यावत्-तावत्’, तिचं संक्षिप्त रूप ‘या’, वर्गाला ‘याव’, सुट्या संख्येला ‘रू’. आकडा अक्षराच्या नंतर यायचा, आणि ऋण असेल तर त्यावर टिंब. पृथूदकस्वामीच्या भाष्यातलं एक समीकरण आजच्या भाषेत असं आहे: क्षच्या दहापटीतून आठ वजा केले तर क्षचा वर्ग अधिक एक मिळतो. तो ते दोन ओळींत मांडतो. वरच्या ओळीत याव ०, या १०, रू ८ वर टिंब. खालच्या ओळीत याव १, या ०, रू १.

त्या दोन शून्यांपाशी मी नेहमी थांबतो. वरच्या बाजूला वर्ग नाही, तरी त्याची जागा रिकामी सोडलेली नाही. शून्य लिहून राखून ठेवली आहे. खालच्या बाजूला क्ष नाही, तिथेही शून्य. आपण आज नसलेलं पद लिहीतच नाही आणि मग मुलं ‘क्षचा सहगुणक किती’ या प्रश्नाला ‘क्ष नाहीच’ असं उत्तर देतात. जुन्या मांडणीत सहगुणक हा एका पंगतीतला मानकरी होता. कोण आलं आणि कोण आलं नाही, दोन्हीची नोंद पानावर होती.

सहगुणक स्वतःच अक्षराने लिहायचे, हे पाऊल फ्रान्समध्ये फ्रान्स्वा व्हिएतने १५९१ साली टाकलं. अव्यक्तांना त्याने स्वर दिले आणि ज्ञात संख्यांना व्यंजनं. त्याआधी प्रत्येक समीकरण एकेकटं होतं. त्यानंतर समीकरणांच्या सगळ्या जातीबद्दल एकदम बोलता येऊ लागलं. सहगुणकासाठीचा लॅटिन शब्दही व्हिएतचाच. त्याचा अर्थ ‘सोबतीने घडवणारा’. मराठीतला ‘सहगुणक’ त्याच्या फार जवळचा आहे, आणि माझ्या मते या शब्दातलं सगळं तेज ‘सह’ या दोन अक्षरांत आहे. कुणाच्या सोबतीने, हे विचारल्याशिवाय कुठल्याही सहगुणकाला अर्थ नाही.

काही सहगुणक मोजणीतून येतात. (अ + ब) चा चौथा घात उलगडला की १, ४, ६, ४, १ मिळतात. त्यातला ६ सांगतो की चार जागांपैकी दोन जागा निवडण्याचे मार्ग सहा आहेत. चार अक्षरांच्या चरणात दोन गुरू आणि दोन लघू किती प्रकारे बसतील, हाच तो प्रश्न. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने मेरुप्रस्तार म्हणून जो त्रिकोण समजावला, तो याच आकड्यांचा. हे सहगुणक मोजमापाच्या चुकीपासून मुक्त आहेत. ते कधी बदलणार नाहीत.

निसर्गातले सहगुणक तसे नसतात. होडी वाळूवरून ओढताना किती जोर लागेल हे सांगणारा घर्षण गुणांक घ्या. सतराव्या शतकाच्या शेवटी आमाँताँने आणि पुढे कुलोमने दाखवलं की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं. हे प्रमाण म्हणजे गुणांक. पण तो लाकडाचा नाही आणि वाळूचाही नाही. लाकूड आणि वाळू या जोडीचा आहे. ओली वाळू घेतली की बदलला, होडीखाली गोल ओंडके घातले की प्रश्नच बदलला. ‘लाकडाचा घर्षण गुणांक किती’ हे वाक्य अर्धवट आहे. प्रसरणांकाचं वेगळं. तो एका पदार्थाचा असतो. पोलादाचा अंशामागे लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश, म्हणजे एक किलोमीटर रूळ तीस अंशांनी तापला तर ३६ सेंटिमीटर वाढू पाहतो. पण हा आकडाही सगळ्या तापमानांना एकच राहत नाही. पाण्याचा तर चार अंश सेल्सिअसच्या खाली चिन्हच बदलतो. तापमान वाढतं आणि पाणी आकसतं.

आता भरतीकडे परत. समुद्राच्या पाण्याची उंची काळाबरोबर वरखाली होते ती पुष्कळ लाटांची बेरीज आहे, आणि प्रत्येक लाटेचा ठोका आकाशाने ठरवलेला आहे. चंद्रामुळे येणारी मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची. सूर्यामुळे येणारी बरोबर १२ तासांची. शिवाय दिवसातून एकदाच येणाऱ्या काही. हे ठोके अलिबागला, ॲमस्टरडॅमला, ऑकलंडला एकच. मग किनाऱ्याचं काय? प्रत्येक ठोक्याची लाट किती उंच, म्हणजे तिचा सहगुणक, हे किनारा ठरवतो. समुद्रतळाचा उतार, खाड्या, आखाताचं तोंड, सगळं त्या आकड्यात येऊन बसतं. मुंबईच्या अपोलो बंदरावर चंद्राच्या मुख्य लाटेचा सहगुणक सुमारे सव्वा मीटर आहे आणि सूर्याच्या लाटेचा सुमारे अर्धा मीटर. उत्तरेला खंभातच्या आखातात पाणी चिंचोळ्या जागेत कोंडतं, तिथे चंद्राच्या लाटेचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे.

या दोनच आकड्यांतून उधाण आणि भांग निघतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला दोन्ही लाटा एकत्र चढतात. पावणेदोन मीटर वर, तितकंच खाली, म्हणजे सुमारे साडेतीन मीटरांचा फरक. अष्टमीच्या सुमाराला एक चढते तेव्हा दुसरी उतरते. पाऊण मीटर वर, पाऊण मीटर खाली, फरक दीडच मीटर. किल्ल्याची वाट कोणत्या तिथीला पूर्ण उघडेल याचं उत्तर या बेरीज-वजाबाकीत आहे. दर दिवसाचा उशीर सारखा का नसतो तेही इथेच कळतं. उधाणाच्या आसपास भरती ४८ मिनिटांपेक्षा कमी सरकते, भांगाच्या आसपास जास्त. पाऊणपट ही सगळ्या पक्षाची सरासरी होती.

लाटांचे हे सहगुणक वेगळे काढण्याची रीत विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, १८६७च्या सुमाराला घालून दिली. नंतर जॉर्ज डार्विनने लाटांना नावं दिली, ती अजून चालतात. १८७९ साली खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनमध्ये भरतीचं भाकीत करणारं यंत्र तयार झालं. त्यात प्रत्येक लाटेसाठी एक चाक. चाकाची गती आकाशाप्रमाणे दात्यांनी कायमची बांधलेली, आणि दांडा किती लांब सरकवायचा ते बंदराप्रमाणे. बंदर बदललं की कारागीर दांडे बदलायचा. सगळ्या चाकांवरून गेलेली एक दोरी शेवटी कागदावर वर्षभराच्या भरत्या रेखायची. सहगुणक म्हणजे काय हे मुलांना दाखवायला याहून चांगलं चित्र मला माहीत नाही: स्क्रूने घट्ट करायची दांड्याची लांबी.

या लाटांचा एक मोठा गुण आहे. त्या एकमेकींच्या पायात येत नाहीत. नोंदी पुरेशा लांब असतील तर विसाव्या लाटेचा सहगुणक काढायला घेतल्याने पहिल्या लाटेचा बदलत नाही. संख्याशास्त्रातल्या सहगुणकांना हे सुख नाही, आणि तिथेच त्यांचा अर्थ लावताना सर्वांत जास्त चुका होतात. समजा, भाताच्या उत्पन्नाचा खताशी संबंध काढला आणि खताच्या गोणीमागे अमुक किलो भात वाढतो असा सहगुणक मिळाला. आता सूत्रात पाऊसही घातला. खताचा सहगुणक लगेच बदलेल, कारण चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी खतही जास्त टाकतो आणि आधीच्या आकड्यात पावसाचं श्रेय खताच्या नावावर चढलेलं होतं. खत तेच, शेत तेच, नोंदी त्याच. सोबती बदलला म्हणून आकडा बदलला. इथे ‘सह’चा विसर पडला की माणूस निष्कर्षच चुकीचा काढतो.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा धडा मॉन्सूनने दिला. गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरच्या हवामानाच्या नोंदी आणि भारतातला पाऊस यांचे सहसंबंध गुणांक काढून भाकिताची सूत्रं बसवली. हाच मार्ग पुढे नेऊन वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ साली सोळा घटकांचं सूत्र आलं. समुद्राचं तापमान, हवेचा दाब, बर्फाचं आवरण असे सोळा सोबती आणि मागच्या वर्षांच्या नोंदींतून बसवलेले त्यांचे सहगुणक. देशभराचा पाऊस सर्वसाधारण राहील की नाही, हे सूत्र वर्षानुवर्षं बरोबर सांगत राहिलं आणि महाराष्ट्रात घरोघरी त्याचं नाव झालं. २००२ साली त्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. पडला ८१ टक्के. पुढच्या वर्षी हवामान विभागाने सूत्र बदललं, सोबत्यांची संख्या कमी केली.

या प्रसंगावरून गोवारीकरांच्या कामाला जे हिणवलं गेलं ते मला मुळीच पटत नाही. मोजून, जाहीर करून, वर्षाच्या शेवटी पडताळता येईल असं भाकीत त्यांनी देशाला दिलं. चुकलं काय ते शिकण्यासारखं आहे. मागच्या तीस-चाळीस वर्षांतून काढलेला सहसंबंध गुणांक हा निसर्गाचा स्थिरांक नसतो. एखाद्या घटकाचा पावसाशी असलेला संबंध दशकागणिक सैल होतो, कधी घट्ट होतो. आणि सोळा घटक मोजक्या वर्षांवर बसवले की काही सहगुणक योगायोगालाही गुणायला लागतात. चंद्राच्या लाटेचा ठोका आकाशाने बांधून दिलेला असतो. पावसाच्या सूत्रात ठोका बांधणारं कुणी नाही.

सहगुणक मोजताना किती काळजी घ्यावी लागते ते पाहायला आता अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेकडे. तिची गोष्ट मुंबईत सुरू होते. इंग्रजांची वेधशाळा मुंबईच्या कुलाब्याला १८२६ साली उभी राहिली आणि तिथे १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. त्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते, म्हणजे केरुनाना. ते अलिबागजवळच्या नागावचे. पुढे त्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि ती कोष्टकंही शेवटी सहगुणकांचीच भांडारं होती. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरच्या स्फोटानंतर मोठं चुंबकीय वादळ आलं. कुलाब्याच्या नोंदीत क्षैतिज तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आली. हा आकडा आज जगभर उद्धृत होतो. तोही एका गुणाकाराचं फळ आहे: चुंबक किती भाग सरकला, आणि एका भागामागे तीव्रता किती. दुसरा आकडा मोजून ठेवणारी माणसं नसती तर पहिल्याचा काही उपयोग नव्हता.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या नाजूक उपकरणांचं भवितव्य संपलं, कारण ट्रामच्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. नवी जागा शोधली ती अलिबागची. एका कुलाब्यातून वेधशाळा दुसऱ्या कुलाब्यात आली, कारण अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं ठाणं होतं. संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली पोरबंदरचा दगड चुंबकीय नाही हे तपासून आणला, लोखंड टाळून इमारती बांधल्या, आणि आतलं तापमान शक्य तितकं स्थिर राहील अशी रचना केली. कारण चुंबकालाही तापमानाचा सहगुणक असतो. तापला की तो किंचित दुबळा होतो, आणि ही घट पृथ्वीच्या नावावर चढू शकते. खताच्या नावावर पाऊस चढावा तसंच हे. तिथे उपाय गणितात शोधावा लागतो. इथे मूस यांनी तो भिंतींत शोधला. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुनी मालिका नवीला जोडून घेतली, आणि मगच कुलाब्यातली चुंबकीय मोजणी बंद झाली. ट्राम १९०७ला धावल्या. १८४६ ते १९०५च्या नोंदी मूस यांनी १९१० साली दोन भागांत छापल्या. विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचं हे उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं.

या नोंदींचं पुढे काय होतं? १८३९ साली गाउसने दाखवलं की सगळ्या पृथ्वीचं चुंबकत्व ठरावीक आकारांची बेरीज म्हणून लिहिता येतं, आणि भरतीच्या लाटांसारखाच प्रत्येक आकाराला एक सहगुणक. सात अक्षवृत्तांवरच्या चौऱ्याऐंशी बिंदूंवरून त्याने चोवीस सहगुणक काढले. आज तेच काम उपग्रह आणि अलिबागसारख्या वेधशाळा मिळून करतात. दर पाच वर्षांनी नवा संच येतो, आणि मुख्य क्षेत्रासाठी त्यात १९५ सहगुणक असतात. पहिला सहगुणक पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या चुंबकाचा. १९०० साली तो, चिन्ह सोडून, ३१५४३ नॅनोटेस्ला होता. २०२०च्या संचात तो २९४०४.८ होता. एकशेवीस वर्षांत जवळजवळ सात टक्के घट. पुढचे दोन सहगुणक चुंबकाचा अक्ष किती कलला ते सांगतात, २०२० साली सुमारे साडेनऊ अंश. मोबाइलमधलं होकायंत्र खरी उत्तर दाखवतं ते अशाच सहगुणकांच्या आधाराने.

या १९५ पैकी एकही आकडा अलिबागचा नाही. प्रत्येकात सगळी पृथ्वी आहे. पण अलिबागचे अक्षांश-रेखांश घालून बेरीज केली की इथे चुंबकत्व किती असावं ते निघतं. मग वेधशाळेतलं प्रत्यक्ष मोजमाप घ्यायचं आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे. ते पुरते जुळत नाहीत. मोठ्या आकारांच्या या बेरजेत काहीशे किलोमीटरच्या गोष्टी दिसत नाहीत, आणि अलिबागच्या खाली दख्खनचा काळा कातळ आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्या वेळचं चुंबकत्व त्यात कोंडलं गेलं, आणि काही थर उत्तर-दक्षिण आजच्या उलट असताना थिजले. मोजमाप आणि बेरीज यांतला जो फरक उरतो त्यातला मोठा भाग या कातळाचा आहे.